पित्त समजून

आधीच सांगते, हे वाचून एखादी गरोदर बाई घाबरली तर मला अजिबात वाईट वाटणार नाही. घाबरलेली बरी. आमच्या घरात कुणीच घाबरलं नव्हतं. सगळे हसत होते, फोटो काढत होते, मला आग्रह करकरून खायला घालत होते, आणि त्याच वेळी माझं अंग आतून बिघडत चाललं होतं. आजाराचं इंग्रजी नाव मोठं आहे, ते डॉक्टर सांगतील. गरोदरपणात बीपी चढतं आणि मग लिव्हर, डोळे, मेंदू, बाळ, जे सापडेल त्याला धरतं, एवढं मला कळलं. मी फक्त काय झालं ते सांगणार आहे.

उसातून उसात

माझा नवरा संग्राम शिरोळचा. साखर कारखान्यात केमिस्ट. लग्नानंतर त्याला युगांडातल्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा माझे वडील, आप्पा, म्हणाले होते, "उसातनं उठून उसातच निघालासा की पावणं! मग इतक्या लांब कशाला?"

तिकडं आम्ही चांगले राहिलो. कारखान्याची कॉलनी, लाल माती, आवारात फणसाची झाडं, आणि गाळप सुरू झालं की मळीचा तोच वास. मला तर पहिल्या वर्षी झोपेतून उठल्यावर शिरोळातच आहे असं वाटायचं. पण दिवस गेले आणि दोघांनाही एकदम घरची ओढ लागली. पोर आपल्या माणसांत वाढावं असं संग्राम म्हणायला लागला. मला तर आईच्या हातचं खायचं होतं, बाकी कारण काही नव्हतं. त्यानं राजीनामा दिला. इकडं एका कारखान्यात काम ठरलं. नोटीस संपेपर्यंत त्याला थांबावं लागणार होतं आणि सातवा महिना सरला की विमानात घेत नाहीत, म्हणून मी आधी यायचं आणि त्यानं सामान पाठवून मागून यायचं असं ठरलं.

निघायच्या आधी कॉलनीतल्या डॉक्टरांनी तपासलं. बीपी थोडं वर होतं. प्रवासाला हरकत नाही, पण घरी पोचल्या पोचल्या दाखवा, असं त्यांनी बजावलं. माझे पाय सुजले होते. दिवसभर खोके भरत उभी असायचे, सुजणारच, असं मी धरून चालले. संग्रामनं विमानतळावर माझ्या पायांकडं बघून विचारलं, "चालता येतंय ना?" मी म्हटलं, "पळू का?" आणि आम्ही दोघं हसलो.

ओटी

आमचं माहेर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. दारात आईनं मला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "काय भरलीयास गं! आफ्रिकेचं पाणी मानवलं म्हणायचं." माझा चेहरा गोल झाला होता, नाक पसरलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तेज आलंय तोंडावर." मलाही ते ऐकून बरं वाटलं. आता ते फोटो बघवत नाहीत. त्या फोटोंत मी भरलेली नाही, फुगलेली आहे.

डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली होती. आईनं ती सोमवारवर ढकलली, कारण ओटीभरण रविवारी ठरलं होतं. आमच्याकडं आठव्यात ओटी भरत नाहीत. मी येईपर्यंत सातवा संपतच आला होता. "आठवा लागायच्या आत उरकून घेतो, मग सोमवारी निवांत दवाखान्यात जाऊ," आई म्हणाली. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'करतो', 'जातो' असंच म्हणतात. "एका दिवसानं काय हुतंय?"

शनिवारी सकाळपासून माझं डोकं दुखत होतं. कपाळावर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं. आईला आयुष्यभर पित्ताचा त्रास. तिनं ताबडतोब निदान केलं. "पित्त हाय. माझंच आलंय तुझ्यात. प्रवासात उपाशी बसली असशील." कोकम सरबत झालं, मोरावळा झाला, कपाळाला सुंठ लावली. दुपारी ओकारी झाली तेव्हा आईला हायसंच वाटलं. "बघ, पडलं पित्त. आता हलकं वाटंल." खरंच थोडा वेळ हलकं वाटलं. संध्याकाळी आलेल्या मावश्यांनीही पित्तच ठरवलं. आईनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. व्हिडिओ कॉलवर संग्राम खोक्यांच्या ढिगात बसला होता. तो म्हणाला, "अॅसिडिटीची गोळी घे आणि झोप." मी घेतली.

रविवारी कासारीण आली. माझ्या मापाच्या बांगड्या चढेनात, म्हणून तिनं मोठ्या काढल्या. त्याही तिनं हात दाबून दाबून चढवल्या. "भरला हात हाय, लक्ष्मीचा हात," ती म्हणाली. हिरवा चुडा, फुलांचे दागिने, हिरवी साडी. मला खुर्चीत बसवलं आणि बायका एकेक करून ओटी भरायला लागल्या. सगळे मोबाइलवर फोटो काढत होते, फ्लॅश चमकत होते. मग फोटो थांबले, बायका जेवायला बसल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढं चमकायचं काही थांबेना. भिंतीवर, ताटात, आईच्या साडीवर, सगळीकडं बारीक पांढऱ्या ठिणग्या. मी कुणाला बोलले नाही. पंगत चालू असताना काय सांगायचं, असं वाटलं.

वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. उचल म्हणाले. मी हात पुढं करून एक उचलली आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की वाटी हातातून पडली. बर्फी होती. "मुलगी, मुलगी!" बायका ओरडल्या आणि टाळ्या पडल्या. मी वाकलेली होते. त्यांना वाटलं लाजले.

मशीन बदललं

सोमवारी मला आईचा अर्धा चेहरा दिसेना. तोंड दिसत होतं, डोळे नव्हते. मी तिला तसं सांगितलं. ती चहा गाळत होती. तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली आणि ती ओरडली, "आवो, गाडी काढा!"

दवाखान्यात सिस्टरनी बीपी घेतलं. पट्टा सोडून परत बांधला, परत घेतलं. मग दुसरं मशीन आणलं. मग दुसरा हात. आतापर्यंत त्या आईशी ऊन-पावसाचं बोलत होत्या, ते बोलणं बंद झालं. त्या बाहेर गेल्या, पळत नव्हे, पण चप्पल घालायची राहिली त्यांची.

डॉक्टर मॅडम आल्या. "डोकं कधीपासून दुखतंय?"

आईनंच उत्तर दिलं. "पित्त हाय तिला, मॅडम. शनिवारपासनं."

"हे पित्त नाही," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या सुजलेल्या हातावर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. आई त्या खड्ड्याकडं बघत राहिली.

बांगड्या निघेनात. साबण लावून झाला, तेल लावून झालं. शेवटी कात्रीसारखं काहीतरी आणून सिस्टरनी त्या एकेक करून तोडायला घेतल्या. आई दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणत होती, "फोडल्या म्हणू नका, वाढवल्या म्हणा! वाढवल्या म्हणा वो!" सिस्टर बिचाऱ्या प्रत्येक बांगडीला "वाढवली, मावशी, वाढवली" म्हणत होत्या.

मग इंजेक्शनं सुरू झाली. एक असं होतं की ते शिरेत गेल्यावर सगळ्या अंगाची भट्टी झाली. झटके येऊ नयेत म्हणून ते, असं सांगितलं. एक बाळाच्या फुफ्फुसांसाठी. मॅडम माझ्या उशाशी येऊन बसल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं. "बाळ बाहेर काढणं हाच यावर उपाय आहे. दोन दिवस मिळाले तर बाळाला फायदा. पण तुमचं रक्त ते दोन दिवस देईल असं वाटत नाही."

मी विचारलं, "बाळ जगेल का?"

"आधी तुम्ही," त्या म्हणाल्या.

संग्रामला फोन लावला. तो मिळेल त्या विमानानं निघाला होता. "मी येतोय. मी येईपर्यंत थांब," म्हणाला. मला इतका संताप आला. "थांबायला मी काय एसटी हाय व्हय?" मी ओरडले. तो रडायला लागला आणि मग मीही. फोन कुणी ठेवला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत नेलं. रक्त गोठवणाऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की पाठीत इंजेक्शन देता येईना, पूर्ण भूल द्यावी लागली. रक्त द्यायला आप्पांच्या तालमीतली पोरं आली होती. वॉर्डातून स्ट्रेचर नेताना मला त्यांचे आवाज ऐकू आले, रखवालदार "गोंधळ करू नका" म्हणून ओरडत होता आणि एक जण सांगत होता, "आमचं समद्यांचं घ्या की, काढा किती लागतंय त्ये." त्या वेळी संग्राम विमानात होता. तो चढला तेव्हा त्याला बायको होती, पोटात का होईना बाळ होतं. उतरल्यावर काय असेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

तोच फोटो

मुलगी झाली. किलोभराच्या आसपास. हे मला आयसीयूत शुद्धीवर आल्यावर कळलं. आप्पांनी मोबाइलवर फोटो दाखवला. काचेच्या पेटीत लाल, सुरकुतलेलं, हातभरसुद्धा नाही असं काहीतरी, डोक्यावर लोकरीची टोपी. "मस्त हाय. काय काळजी न्हाय," आप्पा म्हणाले. मावशीही म्हणाली, "मस्त हाय." दुसऱ्या दिवशीही मस्त होती. दरवेळी मी मागितला की फोटो दाखवायचे.

संग्राम आला. दाढी वाढलेली, तिकडून निघतानाचाच शर्ट अंगावर. माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, "नवा फोटो काढून आण. टोपीचा बघून बघून पाठ झालाय. रोज तोच दाखवतायत मला."

तो गप्प बसला. मी आमच्या लग्नापासून त्याला ओळखते, हा माणूस गप्प बसत नाही.

"संग्राम, ती हाय का?"

"हाय," तो म्हणाला. "पण मशीनवर हाय. रक्तात जंतू झालेत. तुला सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलंय? बाळ कुणाचं हाय?" मी सलाइनसकट उठायला लागले. सिस्टर धावत आल्या. शेवटी मॅडमनीच चाकांची खुर्ची मागवली.

वरच्या मजल्यावर लहान बाळांचा कक्ष. हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन घालायचा. आत सगळीकडं मशीनचा टिकटिक आवाज, आणि बाळांचा एकही नाही. नळी घातलेल्या बाळांना रडता येत नाही, हे मला तिथं कळलं. माझ्या लेकीच्या तोंडात नळी होती, बेंबीत नळी होती, पायाला लाल दिवा. तिची छाती मशीन हलवत होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, "पुढचे दोन-तीन दिवस काहीच सांगता येणार नाही." मी पेटीच्या खिडकीतून बोट आत घातलं. तिनं धरलं वगैरे काही नाही. ती तशीच पडून होती. मी तिला सांगितलं, मी आलेय, मला कुणी सांगितलंच नव्हतं गं.

भांडण

खाली आल्यावर जिन्यात संग्रामचा आवाज ऐकला. तो आईशी बोलत होता. "दोन दिवस थांबलासा कसं? तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं पोचल्या पोचल्या दाखवा म्हणून. ओटी काय पळून चालली होती?"

माझी आई, जी भाजीवाल्याला कोथिंबिरीच्या काडीवरून सोडत नाही, ती खाली मान घालून उभी होती.

मी खुर्चीवरूनच ओरडले. "आणि तू काय म्हणालास रे फोनवर? अॅसिडिटीची गोळी घे म्हणालास. विसरलास?" तो पांढरा पडला. मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

त्या दिवसापासून आई वर यायची बंद झाली. डबा घेऊन यायची, औषधाच्या दुकानाशेजारच्या पायरीवर बसायची आणि डबा आप्पांबरोबर पाठवायची. बाळाबद्दल एक शब्द विचारायची नाही. आप्पांनी सांगितलं, फोन वाजला की ती घरात मागं अंगणात निघून जाते.

सरिता

मला आयसीयूतून काढून ज्यांची बाळं वर आहेत अशा आयांच्या खोलीत टाकलं. तिथला दिनक्रम ठरलेला. फिनेलचा वास, डॉक्टरांची फेरी, मग दूध काढायचं, वाटीच्या तळाला जेमतेम दिसेल इतकं, ते वर पाठवायचं. बाळांना नावं नव्हती. माझ्या लेकीला "बेबी ऑफ अश्विनी" असं म्हणायचे. स्पीकरवरून नाव पुकारलं की वर जायचं. दूध हवं असलं तरी पुकारायचे आणि वाईट असलं तरी पुकारायचे, म्हणून स्पीकर खरखरला की खोलीतल्या सगळ्या बायकांचे हात जिथल्या तिथं थांबायचे.

शेजारच्या खाटेवर चंदगडची सरिता होती. तिच्या नवऱ्यानं येताना घरचे काजू आणले होते, ते तिनं मला बळंच खायला लावले. "खा गं, दूध येतंय." मी रडले की म्हणायची, "रडू नगंस, टाकं दुखतील." हसू यायचं आणि टाके खरंच दुखायचे.

एकदा दुपारी स्पीकर खरखरला. "बेबी ऑफ सरिताचे नातेवाईक." एवढंच. ती उठली, केस बांधले, नवऱ्याला हाक मारली आणि गेली. परत आली नाही. संध्याकाळी वॉर्डातल्या मावशींनी तिची खाट पुसली, नवी चादर घातली. पुढं बरेच दिवस मला स्पीकरची भीती वाटायची आणि त्याहून जास्त लाज वाटायची, कारण सरिताचं नाव पुकारलं तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं होतं की माझं नाही.

हे मी लिहावं की नको असा विचार केला. पण तिथं बसलेल्या प्रत्येकीला तसं वाटतं, आणि प्रत्येकीला वाटतं की आपणच तेवढ्या वाईट. म्हणून लिहिलं.

आणि एक, ज्यासाठी हे सगळं चाललंय. पोटुशा बाईचं डोकं दुखून थांबत नसेल, डोळ्यांपुढं चमकत असेल, बरगडीखाली कळ येत असेल, चेहरा-हात एकाएकी सुजले असतील, तर उठा आणि दवाखान्यात जा. रविवार असो, पंगत बसलेली असो, दारात पाव्हणे असोत. पित्त असलं तर परत या आणि खुशाल कोकम प्या.

घरी

जंतू हटले. एकदा हटून परत आले आणि मग हटले. नळी निघाली तेव्हा लेक रडली, मांजराच्या पिल्लासारखी, आणि सिस्टर म्हणाल्या, "रडू दे, आता कुणी गप करू नका तिला." मग माझ्या छातीवर तिला बांधून तासन्‌तास बसवायचे. डोळे तपासले, मेंदूचे फोटो काढले. आत्तापर्यंत ठीक आहे, असं डॉक्टर म्हणतात. हे "आत्तापर्यंत" ते दरवेळी म्हणतात.

घरी आणलं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली. संग्रामनं तिची माफी मागितली होती, पाया पडून. तिनं "असू दे" म्हटलं. ती माझं सगळं करत होती. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, दुपटी धुणं. पण बाळाला हात लावत नव्हती. घे म्हटलं की हात ओले हाईत, पीठ लागलंय, सर्दी झाल्यासारखं वाटतंय. बारशाचा विषय कुणी काढत नव्हतं, आईनं तर नाहीच.

एका दुपारी संग्राम कामावर, आप्पा बाहेर. मला अंघोळ करायची होती. मी बाळ घेऊन स्वयंपाकघरात गेले. "घे हिला."

"खाली ठेव की. मी बसतो जवळ."

"आई, किती दिवस चालायचं हे?"

ती परातीकडं बघत बोलली. "मी पित्त म्हणालो गं. माझ्या तोंडानं म्हणालो. डॉक्टर सोमवारवर कुणी ढकलला? मीच की. हिला हात लावायचं त्वांड हाय व्हय मला?"

मला तिच्यावर राग होता. खोटं कशाला बोलू, आजही कधीतरी येतो. शनिवार आठवला की येतो. पण त्या शनिवारी मीही पित्तच म्हणत होते, आणि मला ते पित्तच असायला हवं होतं. मी तिला तसं सांगितलं. "मला राग हाय तुझा, आई. जाईल तेव्हा जाईल. पण ही काय तोवर थांबायची न्हाय मोठी व्हायची." आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं हात वर धरले होते, पीठ लागलेले. मग हळूच खाली घेतले.

अंघोळ करून आले तर ती तशीच बसलेली. पाठ भिंतीला टेकलेली नाही, पाय हलवलेला नाही, भाजी करपलेली. एक तळवा बाळाच्या छातीवर आणि डोळे तळव्यावर.

"श्वास घेतीय न्हवं?" तिनं कुजबुजत विचारलं.

मी वाकून बघितलं. "घेतीय."

"परत बघ."

मी परत बघितलं.